रात्री घोडे राखणारा चित्रकार

एक गाय आहे. पाय बर्फात रुतलेले, पोट खपाटीला गेलेलं, बरगड्या एकेक करून मोजाव्यात अशा. पाठीचा कणा वर आलाय. जवळच लांडगे टपून बसलेत आणि त्यांना अजिबात घाई नाही. माणूस चित्रात कुठेच नाही.

'वेटिंग फॉर अ चिनूक' हे चार्ल्स मॅरियन रसेलचं चित्र १८८७ सालचं. चिनूक म्हणजे रॉकी पर्वताच्या पूर्वेकडच्या उतारावरून खाली येणारा कोरडा, उबदार वारा. तो सुटला की काही तासांत बर्फ वितळतो आणि खालचं गवत उघडं पडतं. गाय त्या वाऱ्याची वाट पाहतेय. लांडगेही वाटच पाहतायत, फक्त वेगळ्या गोष्टीची.

हे चित्र जलरंगातलं आहे आणि साधारण पोस्टकार्डाएवढं आहे. आपण चित्रं फोनवर पाहणारी माणसं. दहा-बारा फुटांचा कॅनव्हास आपल्यापर्यंत येताना तळहाताएवढा होऊन येतो आणि त्यात बरंच काही हरवतं. या एका चित्राचं तसं होत नाही. ते मुळातच फोनच्या पडद्याएवढं आहे. मी रसेलची चित्रं संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर पाहत गेलो, बोटांनी मोठी करून, रात्री अंथरुणात पडून. रसेलकडे जायची वाट मला या गायीनं दाखवली. काऊबॉय, पिस्तुलं, सूर्यास्त वगैरे नंतर आलं.

चित्रामागची गोष्ट अशी सांगतात. मोंटाना प्रांतातल्या जुडिथ खोऱ्यातल्या एका रँचवर रसेल त्या हिवाळ्यात मुक्कामाला होता. गुरांचे मालक दूर हेलेना शहरात. कळपाची अवस्था काय आहे, असं विचारणारं त्यांचं पत्र आलं. रँचचा मुकादम उत्तर लिहायला बसला आणि बाजूला बसलेल्या रसेलनं तेवढ्यात हे चित्र काढलं. मुकादमानं ते पाहिलं आणि म्हणाला, पत्राची गरज नाही, हेच पाठवू. पाच हजार गुरांच्या कळपाचा तो अहवाल होता. पुढे हे चित्र 'पाच हजारांतलं शेवटचं' अशा अर्थाच्या नावानंही ओळखलं जाऊ लागलं.

१८८६-८७चा तो हिवाळा अमेरिकी पश्चिमेच्या इतिहासात फार मोठा आहे. त्याआधीच्या काही वर्षांत मोंटाना-वायोमिंगच्या कुरणांवर पूर्वेकडच्या आणि ब्रिटिश गुंतवणूकदारांनी पैसा ओतला होता. कुंपण नाही, चाऱ्याचा खर्च नाही, सरकारी जमिनीवरचं फुकटचं गवत. गुरं सोडा, वाढू द्या, गोळा करा, विका. कुरणाला झेपेल त्याहून कितीतरी जास्त गुरं त्यावर सोडली गेली. १८८६चा उन्हाळा कोरडा गेला, गवत आधीच खुरटलं होतं आणि मग बर्फ पडलं. वसंतात बर्फ वितळलं तेव्हा ओढ्यांमध्ये गुरांची मढी अडकलेली होती. त्यानंतर रँचचालक चारा साठवू लागले, काटेरी तारांची कुंपणं घालू लागले. मोकळ्या कुरणावरचा काऊबॉय, ज्याच्यावर आजपर्यंत हजारो सिनेमे निघाले, तो त्या हिवाळ्यानंतर हळूहळू गवत कापणारा मजूर झाला. त्याचा सगळा बहर उणापुरा वीस-पंचवीस वर्षांचा.

म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात लाडक्या काऊबॉय-चित्रकारानं पहिलं नाव कमावलं ते काऊबॉयच्या धंद्याचं दिवाळं वाजल्याच्या चित्रानं. मला यात फार मोठी गोष्ट दिसते, कारण पुढे रसेलवर जो आरोप होत आला, आणि तो खोटा नाही, तो स्मरणरंजनाचा आहे. सरून गेलेल्या जगाला सोनेरी मुलामा देऊन विकणारा माणूस. हा आरोप बाजूला सारून रसेलवर लिहिण्यात अर्थ नाही. पण ज्यानं ती गाय काढली त्याला त्या जगाची नासाडी कळत नव्हती, असंही म्हणता येत नाही. मग या दोन रसेलांचं करायचं काय?

रसेल १८६४ साली सेंट लुइसमध्ये एका सुखवस्तू घरात जन्मला. शाळेत लक्ष नाही, वह्यांमध्ये घोडे. सोळावं लागता लागता घरच्यांनी त्याला मोंटानाला पाठवलं. खडतर आयुष्य पाहिलं की पोरगं परत येईल, असा हिशेब असावा. आला नाही. आधी मेंढ्या राखल्या, त्यात मन रमलं नाही. मग जेक हूवर नावाच्या शिकाऱ्याबरोबर डोंगरात राहिला. आणि १८८२पासून पुढची जवळपास अकरा वर्षं त्यानं गुरांच्या तांड्यांवर नोकरी केली. बहुतेक काळ एकच काम: रात्री घोडे राखणं.

या कामाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण माझ्या मते रसेलच्या चित्रकलेचं मूळ इथं आहे. गुरं गोळा करायच्या मोहिमेवर असताना एका काऊबॉयला एक घोडा पुरत नाही. सकाळी एक, दुपारी दुसरा, दोर टाकायच्या कामाला वेगळा, रात्रीच्या पहाऱ्याला वेगळा. माणशी सहा ते दहा घोडे लागत. मोठ्या तांड्याबरोबर शे-दोनशे घोडे असणार. दिवसभर राबून माणसं झोपली की हे घोडे अंधारात चरायला सोडायचे आणि पहाटे सगळेच्या सगळे परत आणायचे. विजा कडाडल्या, लांडगा आला, काही झालं तरी. हे काम बारक्या पगाराचं, बारक्या मानाचं. फासा टाकण्यात आणि अवखळ घोड्यावर बसण्यात रसेल काही उस्ताद नव्हता, आणि तो स्वतःही ते मोकळेपणानं सांगे.

पण या पाळीचा एक फायदा होता. बाकीचे झोपलेले असताना तो जागा होता आणि बाकीचे कामात असताना तो मोकळा. थोडी झोप काढली की दिवसाउजेडी दुसऱ्यांना काम करताना बघत बसता यायचं, खिशातल्या कागदावर काढता यायचं. आणि रात्री? रात्री अंधारात घोडा दिसतो तो त्याच्या आकारानं आणि हालचालीनं. कोण कान टवकारतोय, कोण बुजलाय, कोण कळप सोडून निघायच्या बेतात आहे. हे ज्याला कळलं नाही त्याचे घोडे सकाळी भरणार नाहीत. चित्रकलेच्या शाळेत रसेल जवळपास गेलाच नाही. पण घोडा पुढच्या क्षणी काय करणार आहे, हे ओळखण्याचा अकरा वर्षांचा अभ्यास कुठल्या कला महाविद्यालयात मिळतो?

त्याचा स्वतःचा घोडा होता माँटी, अबलख रंगाचा. मोंटानात आल्या आल्या घेतलेला हा घोडा १९०४ साली मेला. चोवीसेक वर्षांची सोबत. रसेलच्या खिशात कायम मेणाचा गोळा असे. बोलता बोलता, बऱ्याचदा हातांकडे न बघता, तो त्यातून घोडा, रानरेडा, अस्वल घडवत बसे. त्याची चित्रं बघताना हे मेण लक्षात ठेवावं. त्याचे घोडे बाह्यरेषेनं काढलेले वाटत नाहीत, आतून दाबून बाहेर आणलेले वाटतात. मागून पाहिलेला घोडा, तोल जाऊन तिरपा झालेला घोडा, चार पाय एकत्र घेऊन पाठीची कमान करणारा घोडा, असल्या अवघड कोनांना तो बिचकत नाही.

आता तैलचित्रांकडे. १९०७चं 'जर्क्ड डाउन' घ्या. तिघे-चौघे स्वार गुरांना दोर टाकतायत. दोराचं एक टोक खोगिराच्या पुढच्या खुंट्याला, दुसरं जनावराकडे. आणि नेमका हिसका उलटा बसलाय. मधला घोडा ओढला जाऊन कोसळायला लागलाय. अजून पडलेला नाही. स्वाराला कळलंय की आता पडणार. घोड्याला त्याच्याआधी कळलंय. दोर ताठ आहे, आणि चित्रातली सगळी भीती त्या एका ताठ रेषेत आहे.

रसेलचं बलस्थान मला इथं दिसतं. तो पराक्रम रंगवत नाही, फसगत रंगवतो. १९१२च्या 'कॅम्प कुक्स ट्रबल्स'मध्ये एक उधळलेला घोडा सरळ स्वयंपाकाच्या जागेत घुसलाय. भांडी उलथलीत, राख उडालीय, न्याहारी मातीत गेलीय आणि आचारी संतापानं वेडा झालाय. बाकीचे मजा बघतायत. थंडीच्या सकाळी, आखडलेल्या पाठीवर खोगीर पडलं की अर्धवट माणसाळलेला घोडा उसळतो, हे ज्यानं रोज पाहिलंय त्याचं हे चित्र आहे. स्वार इथं घोड्याचा धनी वगैरे नाही. तो निव्वळ वर बसलेला आहे, आणि तेही किती वेळ ते सांगता येत नाही.

आपल्याकडे घोडा म्हटलं की काय डोळ्यांपुढे येतं बघा. चौकातला पुतळा. एक पाय उचललेला, मान वळवलेली, वर महापुरुष. किंवा वरातीतला झूल घातलेला, बँडच्या आवाजाची सवय झालेला घोडा. माथेरानचा, पर्यटकाला घेऊन खालमानेनं चालणारा. हुसेनचे घोडे आहेत, पण ते घोडे कमी आणि वेग जास्त. त्यांना कुणी दाणा घालेल असं वाटत नाही. कामाचा घोडा आपल्या नजरेतून निसटलेलाच आहे, खरं तर अजूनही धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन घोडी चालत असतात. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास जो घोडेबाजार भरतो तिथंही मोबाइलचे कॅमेरे नाचऱ्या, सजवलेल्या घोड्यांवर. पुतळ्यातल्या घोड्याला स्वतःचं मत नसतं. रसेलच्या घोड्याला असतं, आणि बहुतेक वेळा ते स्वाराच्या विरोधात असतं.

रसेलचं नाव घेतलं की लगेच दुसरं नाव घ्यावंच लागतं: फ्रेडरिक रेमिंग्टन. दोघं समकालीन, रेमिंग्टन १८६१चा. त्यानंही रँचजीवन करून पाहिलं, १८८३ साली कॅन्ससमध्ये मेंढ्यांची रँच घेऊन. वर्षभरात ते आटोपलं. मग तो न्यूयॉर्कच्या बाजूला राहून, पश्चिमेच्या वाऱ्या करत, मासिकांसाठी चित्रं काढणारा अतिशय यशस्वी चित्रकार झाला. थिओडोर रूझवेल्टच्या रँचजीवनावरच्या पुस्तकाची चित्रं त्याचीच. १८८९चं 'अ डॅश फॉर द टिंबर' पाहा: घोडेस्वारांची एक फळी धूळ उडवत थेट आपल्या अंगावर येतेय, मागे पाठलाग करणारे अपाची. घोड्यांचे पाय हवेत. १८७८ साली एडवर्ड मायब्रिजनं कॅलिफोर्नियात दौडत्या घोड्याचे एकामागोमाग एक फोटो काढले होते आणि चारही पाय जमिनीवरून उचलले जातात ते पोटाखाली गोळा झालेले असताना, हे पहिल्यांदा सिद्ध झालं होतं. त्याआधी चित्रकार दौडता घोडा काढत तो पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणलेला, लाकडी झुलत्या घोड्यासारखा. रेमिंग्टननं ते फोटो नीट अभ्यासले.

स्पष्टच सांगतो, रंग आणि रचना या बाबतीत रेमिंग्टन रसेलपेक्षा सरस चित्रकार आहे. शेवटच्या वर्षांतली त्याची रात्रीची चित्रं, तो हिरवट चंद्रप्रकाश, रसेलला तसं क्वचितच साधलं. पण रेमिंग्टनचा घोडा मला नेहमी स्वारासाठी धावताना दिसतो. रसेलचा घोडा स्वतःसाठी धावतो, थांबतो, अडतो. आणि मला वाटतं, फोटोनं घोड्याचे पाय कुठे असतात ते सांगितलं. वजन कुठे असतं ते नाही सांगितलं.

आता आरोपाकडे.

१८९३च्या सुमारास रसेलनं तांड्यावरचं काम सोडलं. १८९६मध्ये नॅन्सी कूपरशी लग्न केलं. ती त्याच्याहून बरीच लहान, गरीब घरची, आणि धंद्याच्या बाबतीत पोलादी. चित्रं दारूच्या उधारीपोटी किंवा मैत्रीखातर देऊन टाकणाऱ्या नवऱ्याला तिनं शिस्त लावली आणि किमती अशा सांगायला सुरुवात केली की स्वतः रसेलला लाज वाटे. एवढे पैसे मेलेल्या चित्रकारांना मिळतात, असं तो म्हणे. न्यूयॉर्कला नेलं, १९११मध्ये तिथं प्रदर्शन, १९१४मध्ये लंडनला. ती नसती तर आज हा लेख नसता, आणि रसेलच्या दोस्तमंडळींनी 'हिनं आमचा चार्ली हिरावला' म्हणून तिला जी नावं ठेवली ती त्या पुरुषी कंपूचीच कथा सांगतात.

तर, १९०३ साली ग्रेट फॉल्स शहरात घराशेजारी त्यानं ओंडक्यांची स्टुडिओ-झोपडी बांधली. शहरात वीज होती, तांबं गाळणारा कारखाना होता. आणि आत ओंडक्यांच्या भिंतींमध्ये बसून रसेल वीस वर्षांपूर्वीचं कुरण रंगवत होता. न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाचं नावच 'सरून गेलेली पश्चिम' अशा अर्थाचं होतं. गिऱ्हाईक कोण? बरेचदा तेच, ज्यांच्या पैशानं, रेल्वेनं, कुंपणांनी ती पश्चिम सरली होती. पुढे तर या चित्रांचे मोठे संग्रह टेक्सास आणि ओक्लाहोमातल्या बड्या धनिकांनी जमवले, त्यात खनिज तेलवाले आघाडीवर. तैलचित्रं तेलाच्या पैशानं विकत घेतली गेली, असा विनोद करायचा मोह मला आवरत नाही.

या काळातली काही चित्रं मला सहन होत नाहीत. डोंगर जांभळे, आकाश नारिंगी, कड्यावर एक स्वार, तो दूर बघतोय. यात घोडा फक्त बैठक आहे. घोड्याच्या जागी मोठा दगड ठेवला तरी चित्र तसंच राहील. रसेलची चित्रं कॅलेंडरांवर भरपूर छापली गेली यात आश्चर्य नाही. ही मुळातच भिंतीवर बारा महिने निमूट राहतील अशी चित्रं आहेत. १९०९चं 'इन विदाउट नॉकिंग' त्या मानानं गमतीचं. काऊबॉय घोड्यांसकट दारूच्या गुत्त्यात घुसतायत, पिस्तुलं हवेत. पण तिथंही माझी नजर माणसांवर ठरत नाही. फळ्यांच्या ओट्यावर पाय फसून पडलेल्या घोड्यावर जाते. चित्रातल्या सगळ्यांची मौज चाललीय, एकट्या त्या घोड्याची नाही.

माझं मोजमाप हे असं साधं आहे. रसेलच्या चित्रात घोड्याला वजन असतं तेव्हा स्मरणरंजन टिकत नाही. कारण घोड्याला आपण एका सुंदर, लोप पावत चाललेल्या युगात आहोत हे माहीत नसतं. त्याला दोर टोचतो, पाय घसरतो, भूक लागते.

पण आरोपाचा अवघड भाग याच्याही पुढे आहे. काऊबॉय जिथं गुरं चारत होते ती जमीन कुणाची होती? रसेलला हे माहीत होतं. १८८८ साली तो काही महिने कॅनडाच्या हद्दीत, ब्लड म्हणजे कैनाई लोकांच्या वस्तीजवळ राहिला होता. त्याच्या चित्रांत मूळनिवासी भरपूर आहेत आणि ते सहसा खलनायक नसतात. १९१२ साली त्यानं मोंटाना विधिमंडळाच्या सभागृहासाठी लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेवरचं चित्र काढलं. बारा फूट बाय पंचवीस फूट. त्यासाठी झोपडीचं छप्पर उंचवावं लागलं. विषय १८०५चा: रॉस होल इथं सेलिश लोकांशी झालेली भेट. अशा चित्रात मध्यभागी कोण असेल? थोर संशोधक, हात पुढे केलेले, बरोबर? रसेलनं लुईस-क्लार्कना उजवीकडे, लांब, लहान करून उभं केलं. समोरचं सगळं गवत सेलिश स्वारांचं आणि त्यांच्या घोड्यांचं आहे. घोडे वळतायत, रेटतायत, धावतायत. आजही सभापतीच्या आसनामागे तेच चित्र आहे. म्हणजे मोंटानाचे आमदार कायदे करतात ते सेलिश घोडेस्वारांच्या तोंडासमोर.

हे वाचून मी खूश झालो होतो. मग तारखा जुळवल्या. ज्या बिटररूट खोऱ्याच्या तोंडाशी ही भेट झाली, तिथल्या सेलिश लोकांना त्यांचा प्रमुख शार्लो याच्यासह १८९१मध्ये ते खोरं सोडून राखीव क्षेत्रात जावं लागलं. चित्राच्या फक्त एकवीस वर्षं आधी. चित्रातल्या स्वारांची नातवंडं-पतवंडं तेव्हा राखीव क्षेत्रात जिवंत होती. विधिमंडळाला त्यांचे पूर्वज भिंतीवर हवे होते.

मग रसेलही त्यातलाच का? अर्धा. १९१४चं त्याचं 'व्हेन द लँड बिलाँग्ड टू गॉड' हे रानरेड्यांचं भव्य चित्र घ्या. मिसूरी नदी ओलांडून कळप चढण चढून वर येतोय, ओले, वाफाळणारे, आणि त्यांच्या दिमतीला लांडगे. देखणं चित्र आहे. पण ही जमीन कधी देवाची होती म्हटलं की ती माणसांची होती, हे बोलायची गरज उरत नाही. नाव इतकं गोड आहे की त्यात एक अख्खी मालकी विरघळून जाते. 

दुसरा अर्धा भागही सांगितला पाहिजे. मोंटानात त्या काळी भूमिहीन क्री आणि चिपेवा लोक गावोगावच्या उकिरड्यांच्या कडेला हिवाळे काढत होते. त्यांना जागा मिळावी म्हणून फ्रँक लिंडरमन या लेखकानं चळवळ चालवली, तिच्यात रसेल नाव लावून उभा राहिला. गोऱ्या मतदारांना हे अजिबात आवडणारं नव्हतं. १९१६ साली रॉकी बॉय राखीव क्षेत्र झालं. आणि आयुष्याच्या अखेरीच्या वर्षांत ग्रेट फॉल्समधल्या एका समारंभात, जिथं पश्चिमेच्या आद्य वसाहतवाल्यांचं कौतुक चाललं होतं, तो उठून बोलला. 'पायोनियर' म्हणजे जो येतो, जनावरं मारून संपवतो, झाडं तोडतो, गवत उपटून जमीन नांगरतो आणि यालाच सुधारणा म्हणतो, अशा आशयाचं. देवानं ही जागा जशी केली होती तशी राहिली असती तर बरं झालं असतं, आणि तुम्ही कुणी इथं नसता, असंही. समोर तीच मंडळी बसलेली, त्याची चित्रं घरात लावणारी.

यानं हिशेब फिटतो असं मी म्हणत नाही. गुरांच्या ज्या धंद्यानं रानरेड्यांचं कुरण व्यापलं, त्याच धंद्याचा पगार रसेलनं अकरा वर्षं घेतला. ज्याचं त्याला दुःख होतं त्यात त्याचा हात होता, आणि ते दुःख त्यानं विकलंही. पण त्याच्या सगळ्यात चांगल्या चित्रांत ही कोंडी लपवलेली नाही. ती माणसांच्या चेहऱ्यात शोधू नका. रसेलला चेहरे फारसे जमतही नाहीत, त्याचे काऊबॉय बरेचसे एकाच आईची लेकरं वाटतात. ती घोड्यांत आहे. राबणाऱ्या, घाबरलेल्या, ज्यांच्यावाचून यातलं काहीच झालं नसतं आणि ज्यांना कुणी विचारलं नाही अशा घोड्यांत.

हल्ली रँचजीवनाची नवी लाट आहे. मालिका आहेत, काऊबॉय हॅट घातलेली रील्स आहेत, गेममध्ये घोड्याला थोपटायचं बटण आहे. पुण्या-मुंबईतल्या माझ्या वयाच्या पोरांनाही ते आवडतं, मलाही आवडतं. कुठंतरी मोकळं, कुंपण नसलेलं काहीतरी होतं, हे कल्पनेत धरून ठेवायला आवडतं. नोकरीच्या दुसऱ्या पाळीवरून परतताना लोकलमध्ये उभ्या उभ्या बघायला तर फारच. यात पाप नाही. फक्त त्या मोकळेपणात सर्वांत कमी पगाराची पाळी कुणाची होती, एवढं बघायची सवय मला रसेलनं लावली.

म्हणून शेवटाकडे १९२५चं 'लाफ किल्स लोन्सम'. तेव्हा रसेल ६१ वर्षांचा होता, तब्येत बिघडलेली, पुढच्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो गेला. (मोटारींचा त्याला मनस्वी तिटकारा; अंत्ययात्रा त्याच्या इच्छेप्रमाणे घोडागाडीतून निघाली.) चित्र लहानसंच आहे. रात्र, शेकोटी, गाडीच्या आडोशाला बसलेले काऊबॉय. कुणीतरी काहीतरी सांगितलंय आणि सगळे हसतायत. उजेड शेकोटीपुरता, त्याच्या बाहेर निळसर अंधार, तो कुठवर आहे ते कळत नाही.

आता हे स्मरणरंजन नाही तर काय? आहेच. मरायला टेकलेल्या माणसानं काढलेली तरुणपणीची रात्र. पण यातले बाकीचे बसलेत आणि एकजण उभा आहे, टोपी मागे सारलेली, अंगावर उजेड पडलेला. तो रसेल स्वतः आहे, चाळीस वर्षांपूर्वीचा. चित्रात त्यानं स्वतःला धाडसी केलं नाही, हातात दोर दिला नाही, घोड्यावर बसवलं नाही. तो फक्त ऐकायला आलाय, जरा ऊब घ्यायला. गोष्ट संपली की बाकीचे अंथरुणं पसरतील, आणि त्याला अंधारात घोड्यांकडे जायचंय.